दोन कंपन्यांच्या शेअरची तुलना कशी करायची: पेपर वाचणाऱ्यांसाठी, पहिल्यापासून

पेपरातल्या शेअरच्या पानावर आपण बघतो काय, तर कंपनीचं नाव, कालचा बंद भाव, किती रुपये वाढला-घटला आणि ५२ आठवड्यांचा उच्चांक-नीचांक. एवढ्यावरून बरेच जण ठरवून टाकतात की हा शेअर "महाग", तो "स्वस्त", हा "चालला", तो "बसला". खरं सांगायचं तर त्या आकड्यांवरून यातलं काहीच ठरत नाही. तुलना करायची असेल तर एकच प्रश्न धरून बसायचा: एकाच दिवशी दोन्हीकडे सारखे पैसे टाकले असते तर आज हातात किती असते, भाव, बोनस, लाभांश (कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते ते पैसे) सगळं धरून? याचं उत्तर काढायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. वही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि एक निवांत दुपार पुरते.

आधी भावाचा आकडा डोक्यातून काढा

एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये एक लाखाच्या वर गेला तेव्हा सगळ्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती, आणि लोकांना वाटलं केवढी मोठी कंपनी. पण एमआरएफचे एकूण शेअर आहेत फक्त ४२ लाख ४१ हजारांच्या आसपास, म्हणजे एक लाख भावाने कंपनीचं बाजारमूल्य झालं साधारण ४२ हजार कोटी. आयटीसीचे शेअर आहेत साडेबाराशे कोटींच्या घरात, तिथे ४०० रुपये भाव धरला तरी बाजारमूल्य पाच लाख कोटी होतं. म्हणजे ४०० रुपयांच्या शेअरची कंपनी एक लाखवाल्या शेअरच्या कंपनीपेक्षा दहापटीहून मोठी. एका शेअरचा भाव कंपनीच्या एकूण किमतीबरोबरच तिचे तुकडे किती केलेत त्यावरही ठरतो, म्हणून "१० रुपयाचा शेअर आहे, २० होणं सोपं आहे" हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्याला काहीच अर्थ नाही, १० चे २० होणं आणि १०,००० चे २०,००० होणं एकच, दोन्हीकडे दुप्पट.

तेच अंशांचं. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंशांनी पडला आणि टीव्हीवर लाल पट्ट्या दिसल्या. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरण उघड झाल्यावर, तो साधारण ५७० अंशांनी पडला होता. कुठली पडझड मोठी? १९९२ ची, कारण ते ५७० अंश म्हणजे १२.७७ टक्के होते आणि २०२४ चे ४,३९० अंश म्हणजे ५.७४ टक्के. रुपये आणि अंश वाचायची सवय सोडून टक्के वाचायची सवय लावली की अर्धं काम झालं.

वहीत पान आखा

दोन कंपन्या घ्या, पण शक्यतो एकाच धंद्यातल्या. बँक विरुद्ध बँक, सिमेंट विरुद्ध सिमेंट. बँकेची तुलना साबण-बिस्किटवाल्या कंपनीशी केली तर तुम्ही कंपन्या नाही, धंदे तोलताय, तेही करता येतं पण तो वेगळा प्रश्न आहे.

पानावर दोन रकाने करा, वर सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख लिहा, दोन्ही कंपन्यांना तीच. एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजार, तोसुद्धा एकच धरा, बीएसई तर बीएसई, एनएसई तर एनएसई, कारण दोन्हीकडचा बंद भाव थोडा वेगळा असतो. बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा झाला तो भाव असं नाही, शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी (ज्या भावाला जास्त शेअर विकले गेले त्याला जास्त वजन) असते, म्हणून साडेतीनला टीव्हीवर दिसलेला आकडा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला आकडा जुळत नाही, त्यात कोणाची चूक नसते. जुने भाव दोन्ही एक्स्चेंजच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, कंपनीचं नाव टाकून ऐतिहासिक भाव शोधायचे.

मुदत किमान पाच वर्षं. सात-दहा मिळाली तर उत्तम. सहा महिन्यांच्या तुलनेवरून कंपनीबद्दल काहीच कळत नाही, फक्त त्या सहा महिन्यांत बाजाराचा मूड कसा होता ते कळतं.

आता प्रत्येक रकान्यात एक लाख रुपये टाका, कागदावर. त्या दिवशीच्या भावाने किती शेअर आले ते लिहा. इथून पुढे भावाकडे नाही, शेअरच्या संख्येकडे लक्ष ठेवायचं.

बोनस, स्प्लिट, राइट्स, डिमर्जर: बहुतेक तुलना इथेच फसतात

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन्ही एक्स्चेंजच्या साइटवर प्रत्येक कंपनीच्या पानावर "कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स" असा भाग असतो, तिथे सगळा इतिहास मिळतो. सुरुवातीच्या तारखेपासून आजपर्यंत एकेक नोंद वहीत उतरवायची.

बोनस म्हणजे बक्षीस समभाग. १:१ म्हणजे एकाला एक फुकट, शेअर दुप्पट, भाव साधारण अर्धा. स्प्लिट म्हणजे समभाग विभाजन, दर्शनी मूल्य (शेअरची कागदोपत्री ठरलेली किंमत, बाजारभाव नव्हे) १० चं २ केलं की एकाचे पाच होतात आणि भाव पाचवा हिस्सा. दोन्हीत त्या दिवशी तुमच्या खिशात एक रुपया वाढत नाही की कमी होत नाही, पण पेपरात भाव अचानक अर्ध्यावर आलेला दिसतो आणि घाबरून फोन येतात. जून २०२५ मध्ये बजाज फायनान्सने एकाला चार बोनस दिला आणि सोबत २ रुपये दर्शनी मूल्याचं १ रुपया केलं, म्हणजे एका शेअरचे थेट दहा झाले. नऊ हजारांच्या वर असलेला भाव एकदम नऊशेच्या घरात. नुकसान शून्य. एचडीएफसी बँकेचं बघा, सप्टेंबर २०१९ मध्ये स्प्लिट, एकाचे दोन, मग ऑगस्ट २०२५ मध्ये १:१ बोनस, म्हणजे २०१९ च्या आधीपासून ज्याच्याकडे १०० होते त्याच्याकडे आता ४०० आहेत. २०१८ चा पेपरातला भाव आणि आजचा भाव नुसता शेजारी ठेवला तर उत्तर चौपट चुकेल.

राइट्स म्हणजे हक्कभाग, आणि हा बोनससारखा फुकट नसतो, यात आपल्या खिशातून पैसे जातात. डिमर्जर म्हणजे कंपनीचा एक धंदा वेगळा काढून त्याची नवी कंपनी करतात आणि तिचे शेअर जुन्या भागधारकांना मिळतात.

हे सगळं एकाच कंपनीत बघायचं तर रिलायन्स घ्या. समजा एखाद्याकडे सप्टेंबर २०१७ च्या बोनसआधी १०० शेअर होते. १:१ बोनस, झाले २००. मे २०२० मध्ये राइट्स आला, दर १५ शेअरमागे एक, भाव १,२५७ रुपये. २०० वर १३ शेअर मिळाले, त्याचे १६,३४१ रुपये खिशातून गेले (हप्त्यात भरायचे होते, पण गेले), म्हणजे गुंतवणुकीच्या रकमेत ते मिळवायलाच हवेत, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग परतावा फुगलेला दिसतो. आता २१३ झाले. जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली, प्रत्येक शेअरमागे एक, म्हणजे जिओ फायनान्शियलचे २१३ आले. त्या वेळी रिलायन्स आदल्या दिवशी एनएसईवर २,८४१.८५ ला बंद झाला होता आणि डिमर्जरच्या सकाळी खास सत्रात भाव ठरला २,५८०. मधले २६१.८५ रुपये म्हणजे जिओ फायनान्शियलची किंमत. ज्यांनी फक्त रिलायन्सचा भाव बघितला त्यांना वाटलं एका रात्रीत नऊ टक्के पडला. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा १:१ बोनस, रिलायन्स ४२६. आजची किंमत काढायची तर ४२६ गुणिले रिलायन्सचा भाव अधिक २१३ गुणिले जिओ फायनान्शियलचा भाव. हे न करता कोणी "रिलायन्स दहा वर्षांत एवढाच वाढला" म्हणालं तर ऐकून घ्या पण वहीत लिहू नका.

आयटीसीचंही तसंच, जानेवारी २०२५ मध्ये हॉटेलचा धंदा वेगळा झाला, दर दहा आयटीसीमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर. हा एक शेअर विसरला तर आयटीसीवर अन्याय होतो.

ऑनलाइन चार्ट बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बहुतेक चार्टमध्ये बोनस आणि स्प्लिटनुसार जुने भाव आपोआप कमी केलेले असतात, म्हणून चार्टवर २०१५ चा भाव जुन्या पेपरातल्या भावापेक्षा खूप कमी दिसतो. दोन्ही बरोबर आहेत पण मिसळायचे नाहीत. चार्टवरचा जुना भाव घेतला तर बोनसचे शेअर पुन्हा मोजू नका, जुन्या पेपरातला किंवा एक्स्चेंजच्या यादीतला मूळ भाव घेतला तर मोजलेच पाहिजेत. डिमर्जरच्या बाबतीत मात्र प्रत्येक साइट वेगळं वागते, काही भाव सुधारतात काही नाही, त्यामुळे ते हातानेच करा.

लाभांश, आणि टक्क्यांचा गोंधळ

"कंपनीकडून १००० टक्के लाभांश" अशी बातमी वाचली की डोळे मोठे होतात. हा टक्का शेअरच्या भावावर नसतो, दर्शनी मूल्यावर असतो. टीसीएसचं दर्शनी मूल्य १ रुपया. जुलै २०२४ मध्ये त्यांनी १० रुपये अंतरिम (वर्ष संपण्याआधीचा) लाभांश जाहीर केला, म्हणजे हिशोबाने १००० टक्केच झाला, पण शेअरचा भाव तेव्हा चार हजारांच्या आसपास होता, म्हणजे आपल्या पैशावर पाव टक्का. टीसीएस वर्षातून अनेकदा देते त्यामुळे वर्षाची बेरीज चांगली होते, तो मुद्दा वेगळा. आपण फक्त एवढंच करायचं की टक्के सोडून दर शेअरमागे किती रुपये ते लिहायचं, आणि त्या वेळी आपल्याकडे जितके शेअर होते त्याने गुणायचं. बोनसच्या आधीचा लाभांश जुन्या संख्येवर, नंतरचा नव्या संख्येवर.

मोठा लाभांश दिला की एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढ्याने उतरतो, हेही लक्षात असू द्या, सरकारी कंपन्यांमध्ये हे ठळक दिसतं. भाव उतरला म्हणून शेअर खराब नाही झाला, पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात आले.

आता हिशोब करून बघू

खऱ्या कंपन्यांचे आकडे रोज बदलतात, म्हणून पद्धत कळायला दोन मनाने रचलेल्या कंपन्या घेतो, "अ" आणि "ब". मुदत सात वर्षं.

"अ" चा भाव सुरुवातीला १,००० रुपये होता, एक लाखाचे १०० शेअर आले. तीन वर्षांनी १:१ बोनस. आजचा भाव ९००. लाभांश पहिली तीन वर्षं शेअरमागे २० रुपये, पुढची चार वर्षं १२ रुपये.

"ब" चा भाव सुरुवातीला ४००, एक लाखाचे २५० शेअर. बोनस नाही, काही नाही. आजचा भाव ७००. लाभांश दरवर्षी १६ रुपये.

नुसते पेपरातले भाव बघितले तर "अ" १,००० वरून ९०० वर आला, म्हणजे १० टक्के तोटा, आणि "ब" ७५ टक्के वर. बोनस मोजला तर "अ" चे २०० शेअर गुणिले ९०० म्हणजे १,८०,०००, म्हणजे ८० टक्के वर, आता "अ" पुढे. लाभांश मिळवा: "अ" चे पहिल्या तीन वर्षांत ६,००० आणि नंतरच्या चार वर्षांत ९,६००, एकूण १५,६००, म्हणजे हातात १,९५,६००. "ब" चे वर्षाला ४,००० प्रमाणे २८,०००, आणि शेअरचे १,७५,०००, मिळून २,०३,०००. आता पुन्हा "ब" पुढे.

तीनदा मोजलं, दोनदा पहिला नंबर बदलला. म्हणूनच म्हणतो की अर्धवट तुलना करण्यापेक्षा न केलेली बरी, कारण अर्धवट तुलनेवर माणूस पैसे लावतो.

एकूण टक्के नाही, वर्षाचे टक्के

मुदत सारखी असेल तर वरचं पुरतं, पण शेजारी म्हणतो "माझे सात वर्षांत अडीचपट झाले" आणि भाऊ म्हणतो "माझे पाच वर्षांत दुप्पट", तेव्हा वार्षिक चक्रवाढ दर काढायला लागतो, ज्याला सगळे सीएजीआर म्हणतात. कृती सोपी आहे: शेवटची रक्कम भागिले सुरुवातीची रक्कम, जे आलं त्याचा "एक भागिले वर्षं" एवढा घात, त्यातून एक वजा. मोबाइल आडवा केला की बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण दिसतं. शेजाऱ्याचं उत्तर येतं साधारण १४ टक्के, भावाचं १४.९. म्हणजे दुप्पटवाला अडीचपटवाल्याच्या पुढे. आपल्या "अ" चं येतं १०.१ च्या जवळ, "ब" चं १०.६.

अंदाजासाठी ७२ चा नियम चालतो, ७२ ला वर्षांनी भागा, तेवढ्या टक्क्यांनी पैसे त्या मुदतीत दुप्पट होतात. सहा वर्षांत दुप्पट म्हणजे १२ टक्के.

आणि याच पानावर तिसरा रकाना एफडीचा करा, मी तर म्हणेन करायलाच हवा. सात टक्क्यांनी सात वर्षांत एक लाखाचे साधारण १,६०,६०० होतात, फारशी जोखीम न घेता. "अ" ने जे जास्तीचे पस्तीस हजार दिले ते सात वर्षांच्या धाकधुकीचे आहेत, ते पुरेसे वाटतात का हे प्रत्येकाने आपल्या घरची परिस्थिती बघून ठरवायचं.

निर्देशांकाशी तुलना करताना टीआरआय घ्या

चौथा रकाना निफ्टीचा. पेपरात छापतात तो निफ्टी फक्त भाव मोजतो, लाभांश मोजत नाही. तुम्ही शेअरचा लाभांश धरला आणि निफ्टीचा नाही धरला तर शेअर उगाच हुशार दिसतो. यासाठी टोटल रिटर्न इंडेक्स असतो, टीआरआय, निफ्टीच्या निर्देशांकांच्या वेबसाइटवर त्याचे जुने आकडे मिळतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनाही टीआरआयशीच तुलना करायला लावली, त्याआधी बरेच फंड लाभांश नसलेल्या निर्देशांकाला हरवून पाठ थोपटून घ्यायचे. फरक वर्षाला साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास दिसतो, छोटा वाटतो पण दहा वर्षांत मोठा होतो. बँक असेल तर बँक निफ्टीचा टीआरआय, आयटी असेल तर निफ्टी आयटीचा.

तारीख सरकवून बघा

ही पायरी बातम्या वाचताना सगळ्यात उपयोगी पडते. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० ला बंद झाला, कोविडच्या भीतीने त्या एका दिवसात १३ टक्के पडून. बरोबर एक वर्षाने तो १४,८०० च्या वर होता, म्हणजे एका वर्षात जवळजवळ ९५ टक्के. पण तीच मोजणी जानेवारी २०२० च्या मध्यापासून केली, जेव्हा निफ्टी १२,३०० च्या वर होता, तर चौदा महिन्यांत वाढ फक्त २० टक्क्यांच्या आसपास. निर्देशांक तोच, शेवटचा दिवस तोच, फक्त सुरुवात दोन महिने मागे नेली. "या शेअरने वर्षभरात तिप्पट केले" वाचलं की सुरुवातीचा दिवस कुठला धरलाय ते आधी बघा, बहुतेक वेळा तो ५२ आठवड्यांच्या नीचांकाचा दिवस निघतो, आणि नेमकी त्याच दिवशी आपण खरेदी केलेली क्वचितच असते.

म्हणून आपली तुलना निदान तीन वेगवेगळ्या तारखांपासून करा, एक तेजीतली, एक मंदीतली, एक अधलीमधली. तिन्ही वेळा एकच कंपनी पुढे असेल तर त्या उत्तराला वजन आहे.

सोबत अजून एक ओळ लिहा: मुदतीत सगळ्यात वाईट पडझड किती झाली. ५० टक्के पडलेला शेअर मूळ जागी यायला १०० टक्के वाढावा लागतो, ८० टक्के पडलेला ४०० टक्के. दोन कंपन्यांचा शेवटचा परतावा सारखा असला तरी एक मधे ३० टक्के पडली आणि दुसरी ७० टक्के, तर बहुतेक माणसं दुसरीतून तळालाच विकून बाहेर पडतात आणि तो कागदावरचा परतावा त्यांना कधी मिळतच नाही.

कर आणि हप्त्यांची खरेदी

लाभांशावर एप्रिल २०२० पासून आपल्याला आपल्या स्लॅबने कर भरावा लागतो, आधी कंपनी भरायची. शेअर विकल्यावर २३ जुलै २०२४ पासून एका वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, वर्षावर ठेवला तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. त्यामुळे ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला "ब" सारखी जास्त लाभांश देणारी कंपनी हातात थोडी कमी पडते. आपल्या उदाहरणात "ब" च्या २८,००० वर ३० टक्के म्हणजे ८,४०० गेले, "अ" च्या १५,६०० वर ४,६८०. उरले १,९४,६०० आणि १,९०,९२०, "ब" अजून पुढेच पण अंतर निम्म्यावर आलं. पेन्शनवर असलेल्या, कर न लागणाऱ्या आजी-आजोबांना हा फरक लागूच नाही, म्हणजे एकाच घरात दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

आणि तुम्ही एकरकमी न घेता अधूनमधून थोडे थोडे शेअर घेतले असतील तर सीएजीआरचं सूत्र चालत नाही, तिथे एक्सेलमधला एक्सआयआरआर (XIRR, वेगवेगळ्या तारखांना आलेल्या-गेलेल्या पैशांवरून वर्षाचा परतावा काढणारं सूत्र) वापरा. एका रकान्यात तारखा, शेजारी रक्कम, खरेदी वजा चिन्हाने, लाभांश अधिक चिन्हाने, राइट्सला भरलेले पैसे वजा चिन्हाने, बोनसच्या दिवशी काहीच लिहायचं नाही कारण पैसे आले-गेले नाहीत, आणि शेवटच्या ओळीत आजच्या तारखेला सगळ्या शेअरची आजची किंमत अधिक चिन्हाने. डिमर्जरमधून आलेले शेअर अजून हातात असतील तर त्यांची किंमतही त्याच शेवटच्या ओळीत, आणि विकून टाकले असतील तर विकल्याच्या तारखेला वेगळी ओळ.